ठेकेदाराच्या हजेरीवर, कंपनीच्या लाइनवर
वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि कायदा

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातला असून बारावीनंतर शिक्षण सोडून चार महिन्यांपूर्वी चाकण औद्योगिक वसाहतीत कामाला लागलो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी हेल्पर आहे, पण भरती ठेकेदारामार्फत झाली आहे. पगारपत्रकावर मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आणि एकूण १८,००० रुपये असे लिहिलेले असते. खात्यात मात्र साधारण साडेचौदा हजार जमा होतात. बहुतेक दिवशी शिफ्ट बारा तासांची असते आणि जादा तासांचे पैसे साध्याच दराने मिळतात. सोबतचे म्हणतात की सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ देतात, म्हणजे मध्येच काम थांबवतात, कारण २४० दिवस भरले तर कायम करावे लागते. या कामाला पुढे काही वाट आहे का, की गावाकडे परतून आयटीआय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात पगाराचा, ब्रेकचा आणि भवितव्याचा असे तीन प्रश्न एकात एक गुंतले आहेत. पगाराचा आधी घेतो, कारण त्याचे उत्तर तुम्ही दिलेल्या आकड्यांतच दडलेले आहे.

तुमच्या पगारातून दरमहा कायद्याने प्रामुख्याने तीन कपाती होतात. भविष्य निर्वाह निधीसाठी, म्हणजे पीएफसाठी, मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,५६० रुपये. कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी, म्हणजे ईएसआयसाठी, एकूण वेतनाच्या ०.७५ टक्के, म्हणजे १३५ रुपये. आणि व्यवसाय कराचे २०० रुपये, जे फेब्रुवारीत ३०० होतात. यांची बेरीज १,८९५ होते, तेव्हा तुमच्या हाती १६,१०५ रुपये पडायला हवेत. यातून आणखी १,५६० वजा करून पाहा, उरतात १४,५४५. तुमच्या खात्यात जमा होणारी रक्कम जवळपास हीच आहे. याचा सरळ अर्थ असा निघतो की मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा पीएफचा हिस्साही तुमच्याच पगारातून कापला जात असावा. ‘पीएफ दोन्ही बाजूंचा असतो’ असे म्हणून ठेकेदाराचा माणूस ही कपात समजावून सांगतो, आणि नवा मुलगा मान डोलावतो. पण मालकाचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून वसूल करण्यास कायद्याची स्पष्ट मनाई आहे. मेस, खोली किंवा बस यांची कपात असेल, तर ती पगारपत्रकावर वेगळी दिसली पाहिजे.

आता आपल्या यूएएन क्रमांकावरून, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावरून, सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचे पासबुक उघडा. प्रत्येक महिन्यासमोर तुमचे १,५६०, मालकाचे साधारण ४७७ आणि पेन्शन खात्याचे १,०८३ असे तीन आकडे दिसले पाहिजेत, कारण मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेकडे वळवले जातात. पासबुकात काहीच नसेल, तर कापलेले पैसे भरलेच गेलेले नाहीत, आणि ही तक्रार पहिल्या तक्रारीपेक्षा गंभीर आहे. अशा वेळी तुमचा कागदोपत्री मालक ठेकेदार असला, तरी ज्या कंपनीच्या लाइनवर तुम्ही उभे राहता ती ‘मुख्य मालक’ ठरते. ठेकेदाराने वेतन थकवले किंवा पीएफ-ईएसआय भरले नाही, तर ती जबाबदारी कंपनीवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात वेतनाबाबत ही तरतूद होती आणि नव्या कामगार संहितेतही ती कायम आहे. म्हणून तक्रारअर्ज लिहिताना तो ठेकेदाराच्या नावे लिहून प्रत कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला द्यावी. माझ्या पाहण्यात असे आहे की कंपनीचे नाव कागदावर आले, की ठेकेदाराचा सूर बदलतो.

जादा तासांचा हिशेब तर बोटांवर करता येतो. ओटीचा, म्हणजे या जादा तासांचा, दर साध्या वेतनाच्या दुप्पट असला पाहिजे, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून आजवर सर्व कायद्यांत सांगितलेले आहे. आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा आहे, आणि सहा दिवस आठ-आठ तास भरले की ती संपते. एकूण १८,००० ला २६ ने भागले तर दिवसाची हजेरी, म्हणजे आठ तासांचे वेतन, ६९२ रुपये येते. तासाला साडेशहाऐंशी, आणि दुप्पट दराने १७३. म्हणजे चार तासांच्या ओटीचे ६९२ रुपये होतात, जे आठ तासांच्या हजेरीइतकेच आहेत. थोडक्यात, बारा तासांच्या शिफ्टला दोन हजेऱ्या मिळायला हव्यात. तुम्हाला दीडच मिळते. कुठल्या दिवशी किती वाजता आत गेलात आणि किती वाजता पंचिंग करून बाहेर पडलात, हे खिशातल्या वहीत रोज लिहून ठेवा. ओटीचे तास ठेकेदाराच्या पगारपत्रकावर कित्येकदा ‘इन्सेंटिव्ह’ म्हणून दाखवले जातात, आणि मग वर्षभराने दाद मागायला गेलेल्या माणसाकडे दाखवण्यासारखे काही नसते.

ब्रेकविषयी तुमचे सोबती सांगतात ते अर्धे बरोबर आहे. मुंबई औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) नियम, १९५९ मधील आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांत, अशी तरतूद होती की ज्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराची मागील बारा महिन्यांत २४० दिवसांची अखंड सेवा भरली असेल, त्याला लेखी हुकमाने कायम करावे. त्यामुळेच महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये २४० हा आकडा प्रत्येक हेल्परला तोंडपाठ असतो. पण ही तरतूद कंपनीने स्वतः नेमलेल्या तात्पुरत्या कामगारासाठी होती. ठेकेदाराच्या हजेरीवरील कामगाराला आधी हे सिद्ध करावे लागते की मधला ठेका केवळ नावापुरता असून खरा मालक कंपनीच आहे. आणि कंपनीने ते नाते नाकारले, तर १९७१ च्या महाराष्ट्रातील अनुचित कामगार प्रथाविषयक कायद्याखालील न्यायालयाला तो वाद थेट निकालात काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सिप्ला कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्याने जुन्या केंद्रीय कायद्यांची जागा नव्या तरतुदींनी घेतली आहे. म्हणून २४० दिवस भरण्याच्या आशेवर आपली दोन-तीन वर्षे टांगून ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लढा द्यायचाच असेल, तर तो एकट्याने न देता संघटनेमार्फत आणि कामगार कायद्याच्या वकिलाचा सल्ला घेऊनच द्यावा.

मात्र ब्रेक मिळाला म्हणून प्रत्येक वेळी पीएफ काढून घेण्याची जी रीत पडली आहे, ती नुकसानीची आहे. नवा ठेकेदार आला तरी यूएएन तोच राहतो. जुना क्रमांक सांगायचा आणि दुसरा काढू द्यायचा नाही. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते, ती तुकड्या-तुकड्यांनी जोडता येते. पण मध्येच पेन्शनची रक्कम उचलली की तोवरची सेवा पुसली जाते. एकविसाव्या वर्षी पेन्शनचा विचार कोणी करत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

आता भवितव्याचे. हेल्पर म्हणून पहिले दोन-तीन महिने शरीराचीच परीक्षा असते: आठ तास उभे राहणे, दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट, थर्ड शिफ्ट संपवून सकाळी खराबवाडी किंवा महाळुंग्याच्या कॉट बेसिसच्या खोलीत झोपायला जावे तर तिथे फर्स्ट शिफ्टची मुले अजून आवराआवर करत असणे. हे अंगवळणी पडल्यावर खरा प्रश्न सुरू होतो, तो असा की तुमच्या स्टेशनवर तुम्ही नेमके काय शिकत आहात. पेटीतून जॉब, म्हणजे घडवायचा सुटा भाग, उचलायचा, तो पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये बसवायचा, बटण दाबायचे, काढायचा, बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची खरखरीत धार, घासायची आणि पुढच्या ट्रेमध्ये ठेवायचा, एवढेच जर सहाव्या महिन्यातही करत असाल, तर त्या अनुभवाला दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर फारशी किंमत मिळत नाही, कारण तेच काम दुसरा मुलगा दोन दिवसांत शिकतो. त्याच लाइनवर ज्याला व्हर्नियरवर ०.०२ आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटरपर्यंतचे माप घेता येते, माप मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगणारा गो-नो गो गेज कुठे वापरायचा आणि जॉब रिजेक्ट झाला तर कारण यंत्रात शोधायचे की मालात, हे कळते, इन्सर्ट, म्हणजे कापणारे टोक, बदलल्यावर सीएनसीला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राला, ऑफसेट (मापातील दुरुस्ती) किती द्यायचा हे ज्याने यंत्र जुळवणाऱ्या सेटरच्या बाजूला उभे राहून पाहिलेले असते, त्याला ऑपरेटर म्हणून घ्यायला दुसरी कंपनी तयार असते. शिकण्याची वेळ बहुधा सेटिंग चालू असताना किंवा मशीन बंद पडलेले असतानाच मिळते. नेमके तेव्हाच बहुतेक हेल्पर मोबाइल काढून बाजूला बसतात. सेटरला पाना हातात देणारा मुलगा त्याच्या लक्षात राहतो, इतके साधे हे गणित आहे.

आयटीआय करावे का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे; पण गावी परतून पुन्हा विचार करू, अशा बेताने नोकरी सोडू नका. फिटर, टर्नर, मशिनिस्ट आणि टूल अँड डाय मेकर हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, आणि प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही. दोन वर्षे घरचा खर्च कोण चालवणार, याचे उत्तर मिळाले तरच पूर्णवेळ प्रवेश घ्यावा. ते शक्य नसेल, तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील ॲप्रेंटिसशिपचा मार्ग पाहा. शासनाच्या पोर्टलवर नोंदणी करून कंपनीशी करार होतो, ठरलेले विद्यावेतन मिळते आणि शेवटी परीक्षा व प्रमाणपत्र असते. विद्यावेतन तुमच्या आजच्या पगाराहून कमी असेल आणि उमेदवाराला कामगाराचे पीएफसारखे हक्क लागू होत नाहीत, तरीही हा सौदा मला हेल्परच्या तिसऱ्या वर्षापेक्षा फायद्याचा वाटतो. फक्त करार पोर्टलवर नोंदलेला आहे, याची खात्री करा. ‘ट्रेनी’ असे ओळखपत्रावर छापून दोन-दोन वर्षे उत्पादन काढून घेणारे कारखाने आहेत, आणि तिथून बाहेर पडताना हातात कागद येत नाही.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा एका प्रेस शॉपमध्ये तीन आठवड्यांपूर्वीच लागला होता. पॉवर प्रेसवर त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीचे पहिले पेर तुटले. सुपरवायझरने त्याला खासगी दवाखान्यात नेले, उपचाराचा खर्च केला, वीस हजार रुपये दिले आणि ‘घरी दारात बोट सापडले असे सांगा, म्हणजे भानगड होणार नाही’ असे सांगितले. त्याचे ईएसआय कार्ड निघालेले नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : पहिली गोष्ट, बोट घरी दुखावले असे कोठेही सांगू नका आणि तशा मजकुराच्या कागदावर सही करू नका. या एका वाक्याने मुलाचा पुढचा सर्व हक्क बुडतो.

कामावर झालेल्या इजेसाठी ईएसआयमध्ये किती दिवस वर्गणी भरली, याची अट नसते. आजारपणाच्या लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. अपघातासाठी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. मालकाने नोंदणी केली नव्हती किंवा अपघातानंतर घाईने केली, तर त्याचा जाब ईएसआय महामंडळ मालकाला विचारते. त्यासाठी कामगाराचा लाभ अडत नाही. मात्र मुलगा त्या दिवशी कामावर होता, हे दाखवता आले पाहिजे. गेटवरील पंचिंग, ओळखपत्र, हजेरीचा व्हॉट्सॲप संदेश, दवाखान्यात दाखल झाल्याची वेळ आणि सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे, हे आजच जमवून ठेवा. महिन्याभराने त्यातले दोघेही दुसऱ्या कंपनीत गेलेले असतील. मग जवळच्या ईएसआय शाखा कार्यालयात लेखी अर्ज करून पोच घ्या आणि पुढचे उपचार ईएसआयच्या रुग्णालयात सुरू करा. पिंपरी-चिंचवड भागात राहत असाल, तर चिंचवडला मोहननगर येथे असे रुग्णालय आहे.

मिळायचे काय, तर जखम भरून मुलगा कामावर जाईपर्यंत सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, आणि त्यानंतर वैद्यकीय मंडळ ठरवील त्या प्रमाणात कायमच्या अपंगत्वाचा आयुष्यभराचा लाभ. कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे प्रमाण पेरानुसार दिलेले आहे: तर्जनीचे एक पेर गेले तर कमाईक्षमतेची हानी ९ टक्के, दोन पेरे गेली तर ११ आणि संपूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, अंगठा पूर्ण गेला तर ३०. नऊ टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण एकोणिसाव्या वर्षापासून तहहयात मिळणाऱ्या रकमेपुढे वीस हजार काहीच नाहीत. आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना मालकाला त्याला कामावरून काढता येत नाही.

दुसरी बाजू त्या यंत्राची. पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची दोन बटणे असतात, ती याचसाठी की रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली येताना एकही हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, राहू नये. त्याच्या जोडीला प्रकाशाचा पडदा म्हणजे सेन्सर असतो, जो मध्ये हात आला की प्रेस थांबवतो. टार्गेट गाठण्यासाठी एक बटण लाकडाची पाचर मारून किंवा टेप गुंडाळून कायमचे दाबून ठेवतात आणि सेन्सर बायपास करतात, म्हणजे एका हाताने जॉब सरकवत दुसऱ्याने स्ट्रोक मारता येतो. तुमच्या मुलाच्या प्रेसवर असे काही होते का, हे त्याला शांतपणे विचारा आणि तो सांगेल ते तारीखवार लिहून घ्या. ज्या अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक कामावर येऊ शकत नाही, तो कळवणे कारखान्यावर बंधनकारक आहे. तो कळवला नसेल, तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. वीस हजार परत करण्याची घाई करू नका; ते कशापोटी दिले, हे लिहून मागा.

प्रश्न : रांजणगावच्या एका मोठ्या कंपनीत थेट ‘पर्मनंट’ करून देतो, असे सांगून आमच्या गावातील एक जण पाच हजार रुपये नोंदणी शुल्क मागतो. द्यावे का?

उत्तर : देऊ नये. हेल्परची भरती करणाऱ्या ठेकेदाराला कंपनीकडून माणसामागे सेवाशुल्क मिळत असते. उमेदवाराकडून पैसे घेण्याचे त्याला कारण नाही. शिवाय रांजणगाव, चाकण किंवा वाळूजमध्ये हेल्परची जागा मिळवणे अवघड नाही; अवघड आहे ते कायम होणे, आणि ते गावातल्या कोणाच्याही हातात नसते.

प्रश्न : मी नाशिकच्या अंबड वसाहतीत स्विच जुळणीच्या लाइनवर काम करते. माझा एकूण पगार १७,००० रुपये आहे. दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापतात. आता पुढच्या महिन्यापासून महिलांनाही रात्रपाळी करावी लागेल, असे लाइन लीडरने तोंडी सांगितले आहे. नकार दिला तर काढतील का?

उत्तर : व्यवसाय कराची कपात चुकीची आहे. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना हा कर लागत नाही. बहुतेक वेळा यामागे लबाडी नसून पगाराच्या संगणकात स्त्री-पुरुष हा रकाना चुकीचा भरलेला असतो. हजेरी-पगार पाहणाऱ्या टाइम ऑफिसला एक ओळीचा अर्ज द्या आणि तुमच्या लाइनवरील इतर जणींनाही आपापली पगारपत्रके तपासायला सांगा, कारण चूक सहसा एकटीपुरती नसते.

सायंकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ पूर्वी महिलेला कामावर ठेवायचे असेल, तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेच्या अटी मालकाला पाळाव्या लागतात. लाइन लीडरचे तोंडी फर्मान म्हणजे संमती नव्हे. म्हणून ‘करणार नाही’ असे एकटीने तोंडावर सांगण्यापेक्षा लाइनवरील सर्वजणींनी मिळून लेखी विचारावे की गाडी कोठून कोठपर्यंत सोडणार, त्या पाळीत महिला सुपरवायझर असेल का, किती जणी एकत्र असतील आणि महिलांसाठीची विश्रांतीची खोली रात्री उघडी राहील का. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे. तिच्या सदस्यांची नावे फलकावर आहेत का, हेही त्याच पत्रात विचारा. उत्तरे समाधानकारक आली, तर काही जणींना रात्रपाळी सोयीचीही वाटू शकेल, विशेषतः दिवसा घरी लहान मूल असलेल्यांना, आणि त्यांनी ती करण्यात काहीच गैर नाही. संमती नाकारली म्हणून काढले, तर काढल्याचे पत्र मागा; पत्र न देता गेटवर अडवले, तर त्याच दिवशी तारीख-वेळ घालून कंपनीला नोंदणीकृत टपालाने कळवा आणि त्या पत्राची प्रत घेऊन नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात जा.